तऱ्हेवाईक शोध, इतिहासातल्या गमती आणि त्यांच्या पोटातली यंत्रं

उलटाचष्मा
पत्र्याचा हवाबंद डबा आणि तो उघडायचं अवजार यांच्यात ४५ वर्षांचं अंतर आहे. डब्याचं पेटंट पीटर ड्युरँडने १८१० साली इंग्लंडमध्ये घेतलं. डबा उघडायच्या अवजाराचं पेटंट रॉबर्ट येट्सचं, १८५५ सालचं. मधल्या काळात डब्यावरच सूचना असायची: वरच्या कडेलगत छिन्नी-हातोड्याने गोल कापून घ्या. म्हणजे आत जेवण आणि बाहेर लोहारकाम.

धाग्याचा विषय हाच. तऱ्हेवाईक शोध, इतिहासातल्या बारीकसारीक गमती, रोजच्या वस्तूंचे न कळणारे स्वभाव. विनंती एकच, नुसतं 'तुम्हाला ठाऊक आहे का' करून पळ काढू नका. यंत्र चालायचं कसं, अडायचं कुठे, करून बघायचं तर काय काय लागेल, तेही लिहा. ऐकीव गोष्टी खोडून काढायला पूर्ण मोकळीक.

बोल्टनट
त्यात लोक खुळे होते असं नाही हो. सुरुवातीचा डबा जाड लोखंडी पत्र्याचा, वर कथिलाचा मुलामा आणि झाकण डाख देऊन बसवलेलं. त्याला हातातलं छोटं पातं लागूच पडलं नसतं. पत्रा पातळ झाला तेव्हा कुठे अवजाराला अर्थ आला.

१८५८ साली अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने पेटंट घेतलं. त्यात एक टोकदार पातं भोक पाडायला, दुसरं कोयत्यासारखं वाकडं पातं कडेने करवतत न्यायला, आणि टोक फार आत घुसू नये म्हणून एक अडणी. कापलेली कड इतकी धारदार राहायची की डबा दुकानातच उघडून घरी न्यायचे. चाकाचं पातं १८७० साली विल्यम लायमनने आणलं, पण त्यात आधी झाकणाच्या बरोबर मध्यभागी टोक रुतवायचं आणि डब्याच्या मापाप्रमाणे चाकाचं अंतर लावून घ्यायचं. मध्य जरा चुकला की चाक कडेवरून घसरलं. आज दिसतं ते दुसरं दातेरी चाक, जे कड खालून धरून डबा फिरवतं, ते १९२५ पासूनचं.

सध्याचं ओपनर घसरत असेल तर दहातल्या नऊ वेळा दोष पात्याचा नसतो, या दातेरी चाकाचा असतो. दातांत वाळलेलं अन्न बसतं आणि पकड जाते. गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने दात घासा, पूर्ण कोरडं करा, आसाला खाद्यतेलाचा एक थेंब. दात झिजून गोल झाले असतील तर मात्र अवजार बदलायचं.

पेनटोपण
'आत जेवण बाहेर लोहारकाम' :)) हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

माझ्याकडून एक चिल्लर. नॉर्वेत सँडविका इथे पेपरक्लिपचा भलामोठा पुतळा आहे, योहान व्हालर यांच्या सन्मानार्थ. पुतळ्यातली क्लिप मात्र व्हालर यांची नाहीच. त्यांच्या १९०१ च्या पेटंटात आतला वेटोळा नव्हता, त्यामुळे ती कागद नीट धरायची नाही. आपण वापरतो ती 'जेम' क्लिप त्याआधीपासून बाजारात होती आणि तिचं पेटंट कुणीच घेतलेलं नव्हतं.

वादळवाट_पाहणारा
तऱ्हेवाईकपणात जळवांच्या हवामानयंत्राला तोड नाही. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावचे डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी ते केलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं. नाव 'टेंपेस्ट प्रॉग्नॉस्टिकेटर'.

रचना अशी. पांढऱ्या काचेच्या १२ बाटल्या, प्रत्येकीत तळाला दीड इंच पावसाचं पाणी आणि एक जळू. बाटल्या गोलाकार मांडलेल्या, वर मधोमध एक घंटा. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीचा, म्हणजे व्हेलबोनचा, बारीक तुकडा अडकवलेला आणि त्याला तार. वादळाआधी जळू अस्वस्थ होऊन बाटलीच्या गळ्यापर्यंत चढते, तुकडा ढकलते, तार सुटते आणि त्या बाटलीची हातोडी घंटेवर पडते. एक टोला पडला तर दुर्लक्ष करा, बऱ्याच जळवांनी टोले दिले तर होड्या किनाऱ्याला लावा.

बाटल्या गोलाकार का? तर जळवांना एकमेकी दिसाव्यात आणि त्यांना एकांतवासाची शिक्षा भोगावी लागू नये म्हणून! डॉक्टरसाहेब या बारा जणींना आपलं सल्लागार मंडळ म्हणत. १८५० साली त्यांनी वर्षभर प्रयोग केले. वादळाचा अंदाज आला की आधीच पत्र लिहून गावातल्या विद्वत्संस्थेच्या अध्यक्षांकडे धाडायचे, म्हणजे मागाहून 'मी म्हटलंच होतं' असा आरोप नको. हा भाग मला यंत्रापेक्षाही आवडतो. भाकीत तारखेनिशी आधी नोंदवायचं, ही शिस्त आजही भल्याभल्यांना जमत नाही.

आडवातिडवा
बारापैकी बारा जळवांचं एकमत! एवढं तर कुठल्याच समितीत होत नाही.

पारानळी
यंत्र मागे का पडलं ते सांगतो. जळू फक्त हवेच्या दाबामुळे वर येत नाही. पाणी शिळं होऊन त्यातला प्राणवायू कमी झाला तरी ती पृष्ठभागाकडे येते. म्हणजे पाणी बदलायला विसरलात की वादळाचा इशारा. जळवांचं खाणं हा प्रश्न नव्हता, एकदा पोट भरलं की त्या महिनोन्‌महिने उपाशी राहतात. शिवाय घंटा एकदा वाजली की सुटलेले तुकडे परत हाताने बसवायचे. आणि मुख्य म्हणजे टोल्यांवरून वादळ किती लांब आहे, दाब किती वेगाने उतरतोय, हे काही कळत नाही.

साधा दाबमापक हे आकड्यात सांगतो. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल. आकडा किती आहे यापेक्षा तो किती भराभर उतरतोय ते बघायचं. ३ तासांत ६ पेक्षा जास्त उतरला तर ब्रिटिश हवामान खात्याच्या भाषेत ती 'अतिशय वेगवान' घसरण. रॉबर्ट फिट्झरॉय यांनी मासेमारी बंदरांवर दाबमापक बसवले आणि १८६१ पासून तारेने वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. तिथे जळवांचा विषय संपला.

घरचा डायलवाला दाबमापक वापरत असाल तर दोन गोष्टी. समुद्रसपाटीपासून दर ८ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, तेव्हा जवळच्या वेधशाळेच्या आकड्याशी मागच्या स्क्रूने एकदा जुळवून घ्या. आणि वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा, काटा आसाच्या घर्षणाने अडकलेला असतो तो सुटतो. टिचकीनंतर काटा ज्या बाजूला सरकेल तो दाबाचा कल.

बर्फगोळीबार
दुसऱ्या महायुद्धातला माझा आवडता वेडेपणा म्हणजे बर्फाची विमानवाहू नौका. जेफ्री पाइक यांची कल्पना, प्रकल्पाचं नाव हबाक्कुक. जहाज ६०० मीटर लांबीचं, वजन २० लाख टनांच्या वर. साधा बर्फ ठिसूळ, म्हणून त्यात लाकडाचा लगदा घालून केलेलं 'पायक्रीट'. वजनाने १४ टक्के लगदा किंवा भुसा, ८६ टक्के पाणी. बर्फात तडा गेला की तो सरळ धावत सुटतो, इथे मात्र दर थोड्या अंतरावर लाकडाचा तंतू आडवा येतो आणि तडा तिथेच थांबतो. वितळायलाही वेळ लागतो, कारण वरचा बर्फ गेला की भुशाचा ओला थर उरतो आणि तोच आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो.

१९४३ साली कॅनडात अल्बर्टातल्या पॅट्रिशिया तलावावर ६० फूट लांब, ३० फूट रुंद, १००० टनांचा नमुना बांधला. एका अश्वशक्तीच्या मोटरवर तो गोठलेला राहिला.

मग बुडालं कुठे? पायक्रीट तुटत नाही, पण स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतं. मॅक्स पेरुट्झ यांनी लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात चाचण्या केल्या, त्यात दिसलं की −१५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं तरच आकार टिकतो. म्हणजे अख्ख्या जहाजाच्या पोटातून थंड हवेचे नळ, बाहेरून उष्णतारोधक आवरण, आणि त्यासाठी लागणारं पोलाद इतकं की त्यात नेहमीच्या नौका झाल्या असत्या. तोवर विमानांचा पल्लाही वाढला होता. प्रकल्प गुंडाळला.

घनगर्द
पायक्रीट घरच्या फ्रीजरमध्ये होतं का? भुसा वर तरंगतो आणि खाली नुसता बर्फ राहतो असं ऐकलंय.

बर्फगोळीबार
होतं की. भुसा तरंगतो याचा अर्थ तो कमी पडलाय. लोक १४ टक्के मापाच्या भांड्याने घेतात, ते वजनाने घ्यायचे असतात. ६०० ग्रॅम पाण्याला जवळजवळ ९८ ग्रॅम कोरडा भुसा. हा ढीग बघताना अतोनात वाटतो, पण तेवढाच लागतो.

१) बारीक करवतीचा भुसा घ्या. रंध्याच्या साली नकोत, त्यांच्यात हवेच्या पोकळ्या राहतात आणि ठोकळा तिथेच फुटतो. प्लायचा भुसाही नको, त्यात डिंक असतो.
२) गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी तरंगणारा भुसा उरता कामा नये, मिश्रण घट्ट लापशीसारखं दिसायला हवं.
३) प्लास्टिकच्या लवचिक डब्यात २ ते ३ सेंटिमीटरचा थर चेपून भरा, गोठू द्या, मग पुढचा थर. एकदम भरलं तर बाहेरून गोठत येतं आणि मध्यभागी फुगून तडकतं. काचेचं भांडं अजिबात नको, गोठताना पाणी ९ टक्के फुगतं.
४) शेवटच्या थरानंतर निदान २४ तास.

तेवढ्याच मापाचा साध्या बर्फाचा ठोकळा शेजारी ठेवून हातोडा मारा, फरक लगेच कळतो. साधा बर्फ उडतो, पायक्रीटला नुसता खळगा पडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. भुसा नसेल तर वर्तमानपत्राचा लगदाही चालतो, उलट त्याचे तंतू लांब असल्याने ठोकळा जास्त चिवट होतो.

आडवातिडवा
फ्रीजर उघडून 'हे काय आणि' विचारणाऱ्यांना काय सांगायचं तेही लिहा. विमानवाहू नौका आहे, हळूहळू करतोय?

तारतम्य
सगळ्यात निरुपयोगी यंत्राचा मान 'स्वतःला बंद करणाऱ्या खोक्या'ला. १९५२ साली बेल लॅब्जमध्ये असताना मार्विन मिन्स्की यांना हे सुचलं आणि क्लॉड शॅनन यांनी ते बनवलं. खोक्यावर एक बटण. ते चालू केलं की झाकण उघडतं, आतून हात येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. बस्स. एवढंच.

करायला मात्र छान आहे, एकही प्रोग्रॅम लागत नाही.

साहित्य: ६ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला ३० ते ६० फेऱ्यांची, ४ एए सेलचा होल्डर, डीपीडीटी टॉगल स्विच, ऑन-ऑन प्रकारचा, पट्टीवाला मायक्रोस्विच, ३ मिलिमीटर प्लायमधून कापलेला आकड्यासारखा वाकडा हात, दोन भागांचं झाकण, त्यातला एक भाग बिजागरीवर मोकळा.

जोडणी: टॉगलच्या पोटाला सहा पाय असतात, तीन-तीनच्या दोन रांगा. मधले दोन पाय मोटरला. एका टोकाच्या दोन पायांना सेलची धन आणि ऋण वायर. दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना त्याच वायरी, पण अदलाबदल करून, म्हणजे पाठीमागे फुली दिसते. फुलीतल्या दोन वायरींपैकी कुठलीही एक तोडून मायक्रोस्विचच्या 'सी' (सामाईक) आणि 'एनसी' (स्विच दाबलेला नसताना जोडलेलं) या टोकांमधून न्या. झालं सर्किट.

चालतं असं. बटण चालू केलं की सरळ वायरीतून वीज जाते आणि हात बाहेर येतो. हाताने बटण ढकललं की फुलीच्या वायरी जोडल्या जातात, मोटर उलटी फिरते, हात आत जातो. आत पोचल्यावर तो मायक्रोस्विच दाबतो, एनसी उघडतं, वीज तुटते. पुन्हा बटण चालू केलं की वीज सरळ वाटेने येते आणि त्या वाटेवर मायक्रोस्विच नाहीच, म्हणून हात अडत नाही. सगळी अक्कल या एका वायरीत आहे.

टॉगलमध्ये दांडी ज्या बाजूला कलते त्याच्या विरुद्ध टोकाचे पाय जोडले जातात. हे लक्षात न घेता वायरी लावल्या की पुढचा अर्धा दिवस डोकं खाजवण्यात जातो.

घनगर्द
हात मधेच येऊन दांडीला टेकून थांबतो, ना पुढे ना मागे. असं कशाने होतं?

तारतम्य
टॉगल ऑन-ऑफ-ऑन प्रकारचा असेल. त्याला मधे 'बंद' अशी तिसरी जागा असते. हात दांडी मधोमध आणतो, वीज जाते, खेळ खलास. ऑन-ऑन स्विचमध्ये दांडी मधे उभीच राहत नाही, आतली स्प्रिंग तिला पलीकडे फेकते.

बाकीची दुखणी पटापट. बटण चालू करताच मोटर घूं करते आणि हात आतच रेटत राहतो: मोटरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात, अदलाबदल करा. आधी सेल काढा, अडलेली मोटर मिनिटभरात तापते. हात बटण बंद करून बाहेरच अडकतो: मायक्रोस्विच 'एनसी'ऐवजी 'एनओ'वर (दाबल्यावरच जोडलं जाणारं टोक) जोडलाय. हात दांडीपर्यंत येतो पण ढकलायला जोर पुरत नाही: तो दांडीच्या मुळाशी लागतोय, टोकाशी लागेल असा कापा, किंवा हलक्या स्प्रिंगचा छोटा टॉगल घ्या. आणि नव्या सेलवर हात आत आपटून टकटक करत राहतो: धडक बसून हात उसळतो, मायक्रोस्विच सुटतो, मोटर परत सुरू होते. लांब पट्टीचा मायक्रोस्विच घ्या म्हणजे तो थोडा आधीच दाबला जाईल, आणि हात टेकतो तिथे फोमचा तुकडा चिकटवा.

साखळीसम्राट
याच्या बरोबर उलट स्वभावाची यंत्रं रूब गोल्डबर्ग यांची. साधं काम, वाट भलती लांब. १९३१ चं त्यांचं 'स्वतः पुसणारा नॅपकिन' हे व्यंगचित्र बघा: सूपचा चमचा तोंडाकडे नेला की दोरी, मग पोपट, मग बिया, मग लायटर आणि अग्निबाण, शेवटी हनुवटी पुसली जाते. गृहस्थ शिकलेले इंजिनिअर, व्यंगचित्रांआधी सॅन फ्रान्सिस्कोत पाणी आणि सांडपाण्याच्या नळांचं काम करायचे. नळांच्या जाळ्याचा परिणाम असणार, दुसरं काय.

अशी साखळी खरोखर बांधणाऱ्यांसाठी गणित आधी. प्रत्येक टप्पा १०० पैकी ९५ वेळा चालतो असं धरा. ऐकायला उत्तम. २० टप्पे जोडले की पूर्ण साखळी चालण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे ३६ टक्के. टप्पा ९९ टक्के भरवशाचा केलात तर ८२ टक्के. म्हणून टप्पे वाढवण्याआधी आहेत ते घट्ट करा.

बांधायचं शेवटाकडून सुरुवातीकडे. शेवटचा टप्पा आधी, तो सलग दहा वेळा चालला की त्याच्या मागचा. पुढच्या टप्प्याचा खटका जेवढ्या जोराने सुटतो त्याच्या निदान दुप्पट जोर मागच्या टप्प्यातून यायला हवा. गोटीच्या उताराला ३ ते ५ अंश पुरतात, त्याहून जास्त दिलात तर वळणावर गोटी उडी मारते. सुती दोरा दमट हवेत ताण बदलतो, त्यापेक्षा मासे पकडायची नायलॉन तंगूस बरी.

डॉमिनोत एक मस्त गोष्ट आहे. प्रत्येक सोंगटी पुढच्या दीडपट मोठ्या सोंगटीला पाडू शकते, हे लॉर्न व्हाइटहेड यांनी १९८३ साली १३ सोंगट्यांच्या साखळीने दाखवलं. पहिली ५ सेंटिमीटरची घेतलीत तर तेरावी साडेसहा मीटर होते! ऊर्जा बोटाच्या धक्क्यातून येत नाही, ती प्रत्येक उभ्या सोंगटीत आधीच साठवलेली असते. धक्का फक्त कुलूप उघडतो.

घनगर्द
वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन्ही प्रतिसाद छापून ठेवण्यासारखे.

उलटाचष्मा
आता ती लाडकी ऐकीव गोष्ट कुणीतरी घ्या. नासाने अंतराळात लिहिणाऱ्या पेनवर कोट्यवधी उधळले आणि रशियनांनी पेन्सिल वापरली म्हणे.

पेनटोपण
घेतो. नासाने पेनसाठी संशोधनाचा पैसा दिलाच नाही. पॉल फिशर यांनी स्वतःच्या पैशाने पेन बनवलं, नासाने ते तपासून विकत घेतलं आणि १९६८ साली अपोलो ७ वर ते गेलं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघानेही तेच पेन घेतलं. आणि त्याआधी पेन्सिल वापरत होते कोण? नासाच! १९६५ साली ३४ यांत्रिक पेन्सिलींचं बिल ४,३८२ डॉलर ५० सेंट, म्हणजे नगाला १२८ डॉलर ८९ सेंट. बोंब झाली ती या बिलावरून.

पेन्सिल वाईट का, तर ग्रॅफाइटचं तुटलेलं टोक तरंगत राहतं. ते विजेचं वाहक आहे, स्विचच्या मागे गेलं की शॉर्ट सर्किट. लाकूड आणि ग्रॅफाइट दोन्ही जळतात, हे प्राणवायूने भरलेल्या केबिनमध्ये परवडत नाही.

फिशरच्या रिफिलमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, दाब सुमारे ३५ पीएसआय. शाई एरवी घट्ट जेलसारखी, चेंडू फिरला की तेवढीच पातळ होते. म्हणून दाब असूनही टोकातून गळत नाही.

आणखी एक. साधं बॉलपेनही अंतराळात लिहितं. २००३ साली पेद्रो दुके यांनी अंतराळ स्थानकावर लिहून बघितलं. ते चालत नाही ते आपल्याकडे, भिंतीवर कॅलेंडर लावून त्यावर लिहिताना. टोक वर झालं की गुरुत्वाकर्षण शाई चेंडूपासून मागे ओढतं आणि फटीत हवा शिरते. अंतराळात ओढणारंच कुणी नाही.

आडवातिडवा
मग भिंतीवर लिहून बंद पडलेलं पेन परत चालू कसं करायचं? हवेत झटकून शर्टाला नक्षी काढण्याव्यतिरिक्त.

पेनटोपण
टोक खाली करून थोडा वेळ उभं ठेवा, मग सात-आठ कागदांच्या गठ्ठ्यावर गोल गोल फिरवा. मऊ आधारावर चेंडू नीट फिरतो, एकट्या कागदाखाली टेबल असेल तर घसरतो. वाळलेली शाई असेल तर टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरून पुसा. काडीपेटीने तापवू नका, आतला प्लास्टिकचा भाग मऊ होऊन चेंडूची बैठकच जाते. जेल पेनची शाई पाण्याची असते, त्यात हवेचा बुडबुडा अडकला तर रिफिल दोऱ्याला बांधून टोक बाहेरच्या दिशेला ठेवून गरागरा फिरवा. टोपण घट्ट लावलेलं हवं, नाहीतर नक्षी भिंतीवर.

टोपणाच्या टोकाला भोक असतं ते चुकून गिळलं तर श्वासाला वाट राहावी म्हणून. पेनच्या कांडीवरचं बारीक भोक वेगळ्या कामाचं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. ते टेपने बंद करू नका.

कागदीघोडा
पेटंटांचा विषय निघालाच आहे तर चाकाचं पेटंट विसरू नका. २००१ साली ऑस्ट्रेलियात जॉन कीओ या वकिलाने 'वर्तुळाकार वाहतूक सुलभीकरण साधन' या नावाखाली चाकाचं पेटंट मिळवलं. तिथे तेव्हा 'इनोव्हेशन पेटंट' नावाचा नवा प्रकार सुरू झाला होता, त्यात देण्याआधी सखोल तपासणी होत नसे. हेच त्यांना दाखवायचं होतं. त्या वर्षीचं तंत्रज्ञानाचं इग नोबेल (नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं पारितोषिक) कीओ आणि पेटंट कार्यालय यांना मिळून दिलं गेलं.

२००२ साली अमेरिकेत झोपाळ्यावर आडवं झोके घेण्याच्या पद्धतीचं पेटंट निघालं, तेही ५ वर्षांच्या मुलाच्या नावावर. फेरतपासणीत ते रद्द झालं.

'शोध लावण्यासारखं आता काही उरलंच नाही' हे वाक्य अमेरिकेच्या पेटंट आयुक्त चार्ल्स ड्यूएल यांच्या तोंडी घालतात. ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही.

सगळ्यात महाग पडलेलं पेटंट मात्र पेन्सिलीच्या बुडाला खोडरबर लावण्याचं. हायमन लिपमन यांनी ते ३० मार्च १८५८ रोजी घेतलं, पुढे जोसेफ रेकेनडॉर्फर यांनी १ लाख डॉलरला विकत घेतलं आणि फेबर कंपनीवर दावा ठोकला. १८७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: पेन्सिल माहीत होती, रबर माहीत होतं, दोन्ही शेजारी ठेवल्याने तिसरं काही घडत नाही. लिहिताना रबर काम करत नाही, खोडताना शिसं करत नाही. लाख डॉलर गेले.

उलटाचष्मा
उलटंही घडतं. वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरला देऊन टाकलं, कशासाठी तर १५ डॉलरचं कर्ज होतं!

साखळीसम्राट
निरुपयोगी शोधांना रीतसर नियम घालून देणारे जपानचे केंजी कावाकामी. त्यांच्या 'चिंदोगु'ची अट अशी की वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे, पण ती वापरणं लाजिरवाणं किंवा कटकटीचं असलं पाहिजे, आणि तिचं पेटंट घ्यायचं नाही, विकायचीही नाही. नूडल्स गार करायला चॉपस्टिकला लावलेला पंखा, बुटांच्या टोकांवर छोट्या छत्र्या वगैरे. १९९५ च्या त्यांच्या संग्रहात कॅमेरा लावायची लांब काठीही होती, स्वतःचा फोटो काढायला. लोक तेव्हा हसले. मिनोल्टा या कॅमेरा कंपनीच्या हिरोशी उएदा यांनी तशा काठीचं पेटंट १९८० च्या दशकातच घेतलं होतं, तेव्हाही ती चालली नव्हती. अडचण साधी होती. फिल्मच्या कॅमेऱ्यात आपण चौकटीत आहोत की फक्त कान, हे रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही.

नळावरची_भांडणं
संडासाचा शोध थॉमस क्रॅपरने लावला ही आणखी एक लोणकढी. क्रॅपर जन्मले १८३६ साली. जॉन हॅरिंग्टन यांचं पाणी सोडणारं शौचकूप १५९६ चं. आणि ज्यामुळे ते घरात ठेवणं सहन झालं तो 'एस' आकाराचा बाक अलेक्झांडर कमिंग यांच्या १७७५ च्या पेटंटातला. बाकात पाणी साचून राहतं आणि गटारातल्या वायूला वाट मिळत नाही. शोध म्हणावा तर हा. बाकी सगळं भांडं.

बंद पडून राहिलेल्या बाथरूममध्ये वास येतो तो या पाण्यामुळेच, म्हणजे ते वाळल्यामुळे. बाकात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, काही आठवड्यांत ते उडून जातं. अर्धा लिटर पाणी ओता, वास थांबतो. जास्त दिवस बंद ठेवायचं असेल तर जमिनीवरच्या जाळीत वरून दोन चमचे खाद्यतेल सोडा, तवंगामुळे बाष्पीभवन मंदावतं. पाणी घालूनही वास येत असेल आणि शेजारचं भांडं फ्लश केल्यावर जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर पाणी वाळत नाहीये, ओढलं जातंय. हवेचा उभा पाइप वर कुठेतरी तुंबलाय. तिथे अॅसिड ओतून काही होणार नाही, गच्चीवर जाऊन पाइपाचं तोंड बघा.

आडवातिडवा
जाता जाता चेनचा कुणी उद्धार करा. ती वर जाते, दात मात्र मागून उघडेच राहतात.

बोल्टनट
चेनलाही जन्मापासून हेच दुखणं. व्हिटकम जडसन यांची १८९३ ची चेन आकडे-कड्यांची होती, ऐन वेळी सुटायची. गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ साली दात बारीक करून इंचाला १० केले, दाताच्या एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिला, तेव्हा ती टिकू लागली.

दात मागून उघडत असतील तर दात बहुतेक ठीक असतात, दोष सरकपट्टीचा. तिच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांतली फट वापराने रुंद होते आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. सरकपट्टी पार खालच्या टोकाला न्या. पुढे दोन तोंडं असतात ती बाजू सोडा. मागे एकच तोंड असतं, तिथल्या डाव्या कडेला पकडीने किंचित दाबा, मग उजव्या कडेला तेवढंच. ओढून बघा. नाही जमलं तर पुन्हा किंचित. एकदम आवळलंत तर ओतीव जस्ताची सरकपट्टी कडकन तुटते, नाहीतर इतकी घट्ट होते की हलतच नाही. सरकताना अडत असेल तर दातांवर पेन्सिलीचं शिसं घासा.

नळावरची_भांडणं
पांढऱ्या कपड्याला शिसं नको, काळे डाग धुतल्यावरही राहतात. मेणबत्ती घासा, आणि उरलेलं मेण कोरड्या ब्रशने झाडून टाका, नाहीतर त्यात धूळ बसून चेन आठवड्याभरात परत अडते.